एव्हरेस्ट बेस कॅम्प, चो ला आणि गोक्यो: रूट आणि दिवसांचं गणित कसं बसवायचं

आमच्या नाशिकच्या ग्रुपमध्ये मला सगळे एक्सेलवाली म्हणतात. कुठल्याही ट्रेकचं नुसतं नाव निघालं की मी शीट उघडून बसते आणि बाकीचे चहा घेत माझी टर उडवतात. चालू दे. पण त्या शीटमध्ये काय असतं आणि का असतं हे एकदा नीट लिहायचं होतं, कारण दर वर्षी सप्टेंबर आला की कोणी ना कोणी मेसेज करतं, "ताई, बेस कॅम्पला जातोय, प्लॅन बघ ना जरा", आणि समोर येतो तोच १२ दिवसांचा, कुठूनतरी उचललेला प्लॅन, ज्यात किलोमीटर आहेत, तास आहेत, नाश्त्याला काय मिळेल तेही आहे, फक्त रात्री किती उंचीवर झोपणार हे एका ओळीत कुठेच दिसत नाही.

मीही पहिल्यांदा असाच प्लॅन उचलला होता. आमच्यातला एक जण, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, हरिहर आणि कळसूबाई एकाच वीकेंडला करून सोमवारी कामावर हजर होणारा माणूस, तो बेस कॅम्पच्या वाटेवरच्या लोबुचेला संध्याकाळी शेगडीजवळ बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. लावत होता म्हणजे लागतच नव्हतं. दोन मिनिटं झाली, तीन झाली, झाकण आट्यांवर बसेना आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं, उलट हसत होता. आमच्या गाइडने ते पाहिलं, त्याला उठवलं आणि लाकडी जमिनीच्या फळीवर टाचेला बोट लावत सरळ चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला पैलवान भिंतीवर. उंचीमुळे डोक्यात सूज यायला लागल्याची ही खूण असते, अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते. अंधारात हेडलॅम्प लावून तिघे त्याला धरून फेरिचेला उतरले, सहाशे-सातशे मीटर खाली, तिथल्या हेल्थ पोस्टवर ऑक्सिजन आणि औषध मिळालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हा माणूस दोन थाळ्या डाळभात खाऊन "चला परत वर" म्हणत होता. गेलो नाही अर्थात. दिवसच उरले नव्हते.

पाय तयार होते, सामान चांगलं होतं, हवा छान होती. चूक फक्त कागदावरच्या गणितात होती, आणि ते मी केलं होतं. म्हणून खाली जे लिहितेय ते नेपाळमधल्या एव्हरेस्ट बेस कॅम्प, चो ला, गोक्यो आणि रेन्जो ला अशा मोठ्या फेरीचं आहे (ला म्हणजे खिंड, आपल्या भाषेत पास), पण पद्धत कुठल्याही उंच आणि लांब ट्रेकला चालते.

आधी सुट्टी मोजा, आणि ती मागून मोजा

सगळे पुढून मोजतात. पहिला दिवस लुक्ला (विमान उतरतं आणि ट्रेक सुरू होतो ते गाव), दुसरा नामचे, असं करत शेवटी जे उरेल त्यात परतीचं विमान कोंबायचं. मी उलटं करते. ऑफिसला हजर व्हायची तारीख लिहायची, त्याच्या आधीचा एक दिवस घरी (कपडे धुवायला आणि झोपायला, हा दिवस कापलात तर बायको किंवा नवरा माफ करणार नाही), त्याच्या आधी प्रवास, त्याच्या आधी दोन दिवस लुक्लात अडकण्यासाठी. हे दोन दिवस काढून ठेवल्यावर जे उरेल तेवढाच तुमचा ट्रेक.

लुक्लासाठी दोन दिवस का, तर तिथली धावपट्टी ५२७ मीटरची, एका टोकाला दरी आणि दुसऱ्या टोकाला डोंगराची भिंत, पट्टीला जवळपास १२ टक्के चढ. वैमानिक डोळ्यांनी बघून उतरवतात. ढग आला की विमानं बंद, आणि ढग दुपारकडे येतोच, म्हणून सगळी उड्डाणं सकाळची. आता ऐका खरी मेख: तुमचं विमान रद्द झालं तर दुसऱ्या दिवशी पहिली सीट तुम्हाला मिळत नाही. त्या दिवशीचं तिकीट असलेले आधी जातात, तुम्ही उरलेल्या जागांवर किंवा जादा फेरी लागली तर तिच्यात. म्हणजे दोन दिवस हवा खराब राहिली की तिसऱ्या दिवशी हवा चांगली असूनही तुम्ही लाइनीतच. म्हणून तिकीट शक्यतो सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीचं घ्या, आणि काठमांडू ते भारत हे तिकीट लुक्लाच्या दुसऱ्या दिवशीचं अजिबात काढू नका. मी काढलं होतं. त्या तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.

आणखी एक. गर्दीच्या सीझनमध्ये, म्हणजे वसंतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, लुक्लाची बहुतेक विमानं काठमांडूहून सुटतच नाहीत, रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. काठमांडूहून मंथली गाडीने चार-पाच तास. लोक रात्री एक-दोनला निघतात, वळणावळणाच्या रस्त्यावर ओकत पोचतात आणि त्याच दिवशी चालायला लागतात. मी आदल्या दिवशी दुपारी निघून मंथलीलाच झोपते. एक रात्र जास्त जाते, पण ट्रेकची सुरुवात झोपमोडीने होत नाही.

शीटमधला सगळ्यात महत्त्वाचा कॉलम: झोप

माझ्या शीटमध्ये कॉलम असे: दिवस, कुठून कुठे, दिवसात गाठलेली सगळ्यात जास्त उंची, झोपायची उंची, कालच्या झोपेपेक्षा फरक, आणि शेवटी "नाही जमलं तर". बाकी अंतर, तास वगैरे नंतर भरायचे.

डॉक्टर मंडळींचा साधारण नियम असा आहे की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. दिवसा तुम्ही किती वर जाऊन आलात याची फारशी चिंता नाही, उलट थोडं वर जाऊन खाली येऊन झोपणं चांगलंच. शरीरावर जास्त ताण पडतो तो रात्री, जेव्हा श्वास संथ होतो आणि ऑक्सिजन आणखी खाली जातो. बेस कॅम्पच्या उंचीवर हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा मिळतो, तिथे झोपायचंय हे डोक्यात ठेवूनच कॉलम भरा.

प्रत्यक्षात ५०० चा आकडा प्रत्येक दिवशी पाळता येत नाही, कारण गावं तुमच्या सोयीने वसलेली नाहीत. फाकडिंग २६१० आणि नामचे ३४४०, एका दिवसात ८३० मीटर. इलाज काय, तर नामचेला दोन रात्री, चुकवायच्या नाहीत. किंवा पहिल्या दिवशी लुक्लाला लवकर उतरलात तर फाकडिंगला न थांबता पुढे मोंजोपर्यंत जा, साधारण २८३५ मीटर, म्हणजे नामचेची उडी ६०० वर येते आणि त्या दिवसाची चालही निम्म्यावर येते. फरकाच्या कॉलममध्ये ५५० च्या वर आकडा गेला की मी तो चौकोन लाल करते आणि त्याच्या पुढे-मागे कुठेतरी जास्तीची रात्र शोधते. लाल चौकोन लागोपाठ दोन आले तर प्लॅन रद्द, पुन्हा मांडायचा.

नकाशांवर उंचीचे आकडे थोडे इकडे-तिकडे दिसतील. काला पत्थरच बघा, कुठे ५५४५ आहे तर कुठे ५६४४. त्यात वेळ घालवू नका, एकच नकाशा घ्या आणि सगळे आकडे त्याच्यावरूनच लिहा.

फेरी कुठल्या दिशेने

ह्यावर ट्रेकर लोकांत भांडणं होतात. एक पंथ म्हणतो आधी गोक्यो, मग चो ला, मग बेस कॅम्प, म्हणजे शांत दरी आधी आणि गर्दी नंतर. मी उलट पंथातली, आणि माझी कारणं आकड्यांची आहेत.

झोंगला ४८३० ला आहे, चो ला ५४२०, म्हणजे बेस कॅम्पच्या बाजूने आलात तर चढ ५९० मीटर. उलट बाजूच्या थांगनाकहून (४७००) चढलात तर ७२०. रेन्जो लाचं तर विचारूच नका, गोक्यो ४७९० वरून ५३६० म्हणजे ५७०, आणि लुंगदेन ४३८० वरून आलात तर ९८० मीटरचा चढ. दोन्ही पासना माझ्या दिशेने चढ कमी पडतो. दुसरं, चो लाला पोचायच्या आधी तुम्ही गोरकशेपला ५१६४ ला झोपून आलेले असता, त्यामुळे फुप्फुसं तयार असतात.

तिसरं कारण मला सगळ्यात पटतं: काही बिघडलं आणि चो ला सोडावा लागला, तरी बेस कॅम्प झालेला असतो. पदरात काहीतरी पडलेलं असतं. शिवाय गोक्योच्या दरीत नामचेहून घाईघाईने चढलं की उंची फार पटकन वाढते, डोले, माछेर्मो, गोक्यो असं दोन-तीन दिवसांत लोक ४८०० ला पोचतात, आणि त्या बाजूला आजारी पडणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

तोटा पण सांगते. चो लाची थांगनाककडची बाजू म्हणजे खड्या उताराचा दगडांचा राडा, आणि माझ्या दिशेने तो उतरावा लागतो. गुडघे कुरकुरणारे असाल तर काठ्या दोन घ्या, एक नको.

आता दिवस मांडू

पहिला दिवस लुक्ला (२८६०) ते फाकडिंग किंवा मोंजो. दुसरा नामचे. तिसरा नामचेतच, पण लॉजमध्ये लोळत नाही, वर स्यांगबोचे, ३८८० चं ते प्रसिद्ध हॉटेल, खुमजुंग अशी चक्कर मारून परत खाली झोपायला. शनिवार सापडला तर नामचेचा बाजार बघा.

चौथ्या दिवशी बहुतेक प्लॅन तेंगबोचेला (३८६०) थांबवतात. मी पांगबोचेला (३९८५) जाते. दिवस लांब होतो, तेंगबोचेच्या आधी फुंकी थेंगापासून ६०० मीटरचा दमवणारा चढ आहेच, पण मग पाचव्या दिवशी दिंगबोचे (४४१०) फक्त तीनेक तासांवर राहतं आणि फरकाचे आकडे ५४५ आणि ४२५ असे सुटतात. तेंगबोचेहून दिंगबोचे एकदम ५५० बसतो, त्यानेही बिघडत नाही, पण मला दुपारी बारापर्यंत पोचून सूप पीत बसायला आवडतं. मठ बघायचाच असेल तर जाताना तासभर थांबा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पौर्णिमेला तिथे मनी रिम्दूचा उत्सव असतो, त्या दिवसांत लॉज मिळत नाहीत हे ध्यानात ठेवा.

सहावा दिवस दिंगबोचेलाच. मागच्या नांगकार्तशांगवर (५०८३) जमेल तेवढं चढा, पूर्ण नाही झालं तरी चालेल, परत या, झोपा. ह्या दिवशी प्रत्येकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचं की डोकं दुखतंय का, जेवण जातंय का. इथे एक जण जरी "थोडंसं" म्हणाला तर सातव्या दिवशी लोबुचेला जायचं नाही, दिंगबोचेलाच थांबायचं. मध्ये थुकला (४६२०) आहे, तिथे एक-दोन लॉज आहेत, सहसा कोणी राहत नाही, पण त्रास थांबल्यावर पुढची उडी लहान करायला तिथे राहायचं.

सातवा दिवस लोबुचे (४९४०). थुकलाच्या वरच्या खिंडीत एव्हरेस्टवर गेलेल्यांच्या आठवणीचे चोर्तेन (दगडी स्तूप) आहेत, तिथे सगळेच जरा गप्प होतात. आठव्याला सकाळी गोरकशेपला सामान टाकून बेस कॅम्प (५३६४) करून परत गोरकशेपला झोप. ही सगळ्या ट्रेकमधली सगळ्यात उंच आणि सगळ्यात वाईट झोप, एकच रात्र काढायची. आणि हो, बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही, घरी सांगून ठेवा. ते दिसतं काला पत्थरवरून, नवव्या दिवशी पहाटे. उतरून गोरकशेपला नाश्ता आणि सरळ लोबुचे. काही जण त्याच दिवशी झोंगलापर्यंत ताणतात, जमतंही, पण मग दहाव्याला दमलेल्या अंगाने पास चढायचा. मी दहावा दिवस झोंगलासाठी वेगळा ठेवते, तीन तासांची सोपी चाल, दुपारभर आराम, संध्याकाळी वरून आलेल्या लोकांना पासवर बर्फ किती आहे ते विचारायचं. लॉज तिथे मोजकेच आहेत, लोबुचेहून फोन करून जागा धरा.

अकरावा दिवस चो ला. पहाटे चार-साडेचारला निघायचं. ह्या बाजूने पासच्या आधी हिमनदी ओलांडावी लागते, सकाळी ती कडक असते, बुटांना मायक्रोस्पाइक (छोटे लोखंडी काटे) लावले की चालायला बरी. उशीर झाला की बर्फ मऊ पडतो आणि उतरणीच्या बाजूला ऊन लागून दगड सुटायला लागतात. थांगनाकपर्यंत सात ते नऊ तास धरा. मी तर शीटमध्ये नऊच लिहिते.

बारावा गोक्यो. तास जास्त नाहीत, दोन-तीनच, पण मध्ये न्गोझुम्पा हिमनदीचा दगडधोंड्यांचा पट्टा ओलांडायचा असतो. ही नेपाळमधली सगळ्यात लांब हिमनदी, आणि ती सरकते म्हणून वाटही सरकते. गेल्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक मोबाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, थांगनाकच्या लॉजवाल्या दीदींना सकाळी विचारा, वाट सध्या कुठून आहे. तेराव्याला गोक्यो री (साधारण ५३५७), आणि मग तलावाकाठी काहीही न करण्याचा हक्क.

चौदावा रेन्जो ला करून लुंगदेन (४३८०). पलीकडच्या बाजूला वरच दगडी पायऱ्या आहेत, सकाळी त्यांच्यावर बर्फाचा पातळ थर असतो, इथे पाय घसरतात. पंधरावा थामेवरून नामचे. १६ ऑगस्ट २०२४ ला वरचे हिमतलाव फुटून थामे गावात पूर आला होता, बरीच घरं गेली, त्यामुळे तिथे मुक्काम करायचा असेल तर गोक्योतच चौकशी करा. सोळावा लुक्ला. सतरावा विमान.

आता ह्या सतरामध्ये दोन मोकळे दिवस मिसळा. ते कुठल्याही तारखेला चिकटवायचे नाहीत, खिशात ठेवायचे. एक जण आजारी पडला, एक वापरा. झोंगलाला बर्फ पडला, एक वापरा. १७ + २ डोंगरातले + २ लुक्लाचे + काठमांडू आणि मंथलीचे जाता-येता तीन, म्हणजे २४ दिवस, घरापासून काठमांडूचा प्रवास वेगळा. ऐकून सगळे एकदम गप्प होतात. २४ दिवस सुट्टी कोण देतं!

सुट्टी कमी असेल तर काय कापायचं

पास कापा, रात्री कापू नका. एवढंच. नामचेची दुसरी रात्र, दिंगबोचेची दुसरी रात्र आणि लुक्लाचे दोन दिवस ह्यांना हात लावायचा नाही. लोक नेमकं उलटं करतात, बेस कॅम्प + चो ला + गोक्यो ही तिन्ही नावं तशीच ठेवतात आणि "आपण फिट आहोत" म्हणून आरामाचे दिवस उडवतात. अंथरूण पाहून पाय पसरावे हे कधी नव्हे ते शब्दशः लागू पडतं, कारण इथे प्रश्न अंथरूण कुठल्या उंचीवर टाकायचं हाच आहे.

रेन्जो ला सोडला आणि गोक्योहून माछेर्मो, डोले, फोर्त्से थेंगा असं दरीने उतरलात तर दिवस फारसा वाचत नाही, पण पासच्या हवेवर अवलंबून राहावं लागत नाही. १६-१७ दिवसच असतील, तर नुसता बेस कॅम्प करा किंवा नुसतं गोक्यो. मला विचाराल तर गोक्यो. गर्दी कमी आणि गोक्यो रीवरून दिसणारा एव्हरेस्ट कुठेही कमी नाही. पण ऑफिसात बेस कॅम्पचा फोटो लावायचा असतो हे मला कळतं.

"नाही जमलं तर" हा कॉलम

ह्याच्यासाठी मी सगळ्यात जास्त वेळ देते आणि हाच सगळे सोडतात. प्रत्येक मुक्कामासमोर लिहायचं की इथून खाली जायची वाट कुठली, किती तासांत किती मीटर उतरता येतं, आणि प्लॅन पुढे कसा वळेल.

झोंगलाचंच उदाहरण. पास बंद आहे आणि तुमचा मोकळा दिवस वापरून झालाय. मग मागे फिरून थुकलावरून फेरिचेला उतरायचं, दुसऱ्या दिवशी पांगबोचेवरून वरच्या वाटेने फोर्त्से, आणि तिथून दरी ओलांडून गोक्योकडे चढायचं. तीन-चार दिवस लागतात पण गोक्यो हातचं जात नाही. हे कागदावर आधी लिहिलेलं असलं की झोंगलाच्या थंडगार खोलीत रात्री आठ वाजता सहा जणांची पंचायत बसत नाही. ठरवणारा माणूस कोण हेही आधीच लिहा. आमच्याकडे नियम आहे, तब्येतीच्या बाबतीत आजारी माणसाला मत नाही. त्याला कायम "मी ठीक आहे" असंच वाटत असतं, पैलवानाची बाटली आठवा.

खुणा पाठ करून ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं: वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, कमी झालं तरच पुढे. वाढलं तर खाली. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर किंवा तोल जाणं, बडबड विसंगत होणं: लगेच खाली, रात्र असली तरी, एकटं सोडायचं नाही. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनची पोस्ट सीझनमध्ये चालू असते आणि दुपारी तिथले डॉक्टर उंचीच्या आजारावर बोलतात. तुम्ही दिंगबोचेला राहिलात तरी आरामाच्या दिवशी टेकडी ओलांडून ते ऐकायला जाता येतं. जा.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या आजारावरच्या गोळीबद्दल, नेहमी विचारतात. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा असा डोस देतात, पण आपल्या डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर. बोटांना मुंग्या येतात, रात्री लघवीला उठावं लागतं, उणे दहामध्ये ते काय असतं ते तुम्हीच अनुभवा. गोळी घेतली म्हणून शीटमधली रात्र कमी करायची, हे मात्र चालणार नाही.

महिना

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, किंवा एप्रिल-मे. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी जोडता येते म्हणून नोव्हेंबर सोयीचा, थंडी जास्त पण आकाश धुतल्यासारखं. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याच्या आसपास जात असाल तर तिकडे दशैं असतो, गाड्या भरलेल्या, ऑफिसं बंद, पोर्टर मंडळी घरी. त्यांनीही घरी जायलाच पाहिजे ना.

आणि बंगालच्या उपसागरावर नजर ठेवा. २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं आणि दोनच दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा सर्किटवरच्या थोरोंग लावर एवढा बर्फ टाकला की त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. समुद्रात वादळाची बातमी असेल तर पुढचे तीन-चार दिवस पास चढायचा नाही. मोकळे दिवस ह्यासाठीच असतात. लॉजमध्ये वायफाय मिळतं, पैसे मोजा पण अंदाज बघा.

कागद, पैसे, माणसं (पटकन)

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ वयाच्या माणसांना आधार चालत नाही आणि दर सीझनला कोणीतरी काउंटरवरून परत येतं. सगरमाथा नॅशनल पार्कची फी सार्क देशांना १५०० नेपाळी रुपये अधिक व्हॅट, वेगळं परमिट खुंबूच्या स्थानिक पालिकेचं, ते लुक्लाला मिळतं. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०. एटीएम लुक्ला आणि नामचेला आहे, पुढे रोख. लॉजचं भाडं कमी असतं पण जेवण तिथेच घ्यायचं ही अट, आणि प्रत्येक गावागणिक भाव वर चढत जातात.

इन्शुरन्समध्ये हेलिकॉप्टर आणि ६००० मीटरपर्यंतचा ट्रेक हे दोन्ही शब्द स्वतः वाचा. एजंट "सगळं कव्हर आहे मॅडम" म्हणतो त्यावर जाऊ नका, मी गेले होते आणि पॉलिसी निघाली ४००० मीटरपर्यंतची.

पोर्टर दोघांत एक घेतलात तर तुमच्या दोघांच्या बॅगा मिळून २० किलोच्या आसपासच ठेवा. पास ओलांडणार असाल तर त्याचे बूट, जॅकेट, गॉगल आहेत का हे नामचेलाच बघा. तोही त्याच उंचीवर झोपणार आहे, त्यामुळे त्यालाही डोकेदुखी विचारा, ते स्वतःहून सांगत नाहीत. चो लासाठी गाइड घ्याच.

घरून निघायच्या आधी

कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, पाठीवर आठ-दहा किलो घेऊन लागोपाठ दोन दिवस. एक दिवसाच्या धडाकेबाज ट्रेकपेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून चालणं जास्त कामाचं. फक्त एक लक्षात घ्या, कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आपलं सगळ्यात उंच शिखर लुक्लापेक्षाही बाराशे मीटर खाली. सह्याद्रीत पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही. ४५०० च्या वर मी सह्याद्रीतल्या वेळाच्या दुप्पट वेळ धरते आणि तरीही कधीकधी उशीर होतो.

शीटच्या तीन प्रती काढा. एक स्वतःकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण थंडीत मोबाइलची बॅटरी बसते. एक गाइडला. तिसरी घरी, फ्रिजवर. त्या तिसऱ्या प्रतीत मी परतीची तारीख कायम सगळे मोकळे दिवस संपले असं धरूनच लिहिते, आणि दिंगबोचेनंतर दोन-तीन दिवस फोन लागला नाही तरी घाबरायचं नाही असं मोठ्या अक्षरात. गेल्या वेळी चार दिवस आधी घरी पोचले तर आईने दार उघडून पहिलं काय विचारलं असेल? "काय गं, जमलं नाही का?"